तळाशी राहिलेलं ॲसिड

आमचे मार्गदर्शक नोट्सवर जगत. कडा झडलेल्या एका पिवळ्या वहीतून ते दरवर्षी तेच सांगत आणि आम्ही स्वल्पविरामासकट उतरून घेत असू. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: ‘रॅडिकलवर विद्युतभार नसतो, सबब भाराचा त्याच्या क्रियेशी संबंध नाही.’ ज्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरला तो रॅडिकल, एवढं आम्हाला कळलं की पुरे. पुढचा विचार सरांनी आमच्या वतीने कधीच करून ठेवला होता.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होते. प्रयोगासाठी लागणारा दिवा मागवलेला होता आणि तो मागवलेलाच राहिला. म्हणून आम्ही फ्लास्क गच्चीवर उन्हात मांडत असू आणि कावळे हाकत बसत असू. उन्हाने नायट्रोजनवर रॅडिकल तयार व्हायचा. त्याने शेजारच्या रेणूतल्या दुहेरी बंधावर तुटून पडावं अशी आमची अपेक्षा. पण तो रुसलेल्या जावयासारखा पानावर बसून राही, घास काही उचलत नसे. दोन वर्षं झाली तरी प्रबंधात लिहायला माझ्याकडे नन्नाचा पाढा तेवढा होता.

मग एका दुपारी एकाच फ्लास्कात क्रिया झाली. तपासलं, तर हवा होता तोच पदार्थ. काचसामान धुणारे शिपाईमामा उचगावहून सायकलने येत. त्यांना विचारलं तर आधी घाबरले.

“नळाचं पानी गेलतं, ताई. ॲसिडनं धुतला, पर परत इसळायचा ऱ्हायला. तळाला थोडं ऱ्हायलं आसंल की.”

मी मुद्दाम ॲसिड घालून तीनदा केलं, तीनदा झालं. ॲसिडशिवाय तीनदा केलं, काही नाही. ॲसिडमधला प्रोटॉन रॅडिकलला चिकटत होता, त्याच्यावर धनभार येत होता, आणि मग इलेक्ट्रॉनांनी भरलेला दुहेरी बंध दिसला की गडी ताव मारत होता. बाहेरच्या देशांत लोक हेच छापत होते म्हणे. ती मासिकं आमच्या ग्रंथालयात कुलूपबंद कपाटात जपलेली असत, वाचून खराब होऊ नयेत म्हणून.

सरांनी माझी वही पाहिली आणि चष्मा काढला.

“घाणेरड्या फ्लास्कातला निकाल आहे हा. रॅडिकलला कसला आलाय भार? माझ्या नोट्स घेतल्या नव्हत्यास का?”

“तीनदा करून पाहिलं, सर.”

“मग तीनदा फ्लास्क घाण होता. ती पानं काढून टाक.”

विभागात लेक्चररची जागा निघणार होती आणि शिफारस सरांच्या हातात होती. मी पानं काढली. सरांची मला कीव येई, कारण त्यांना खरंच कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि तरी मी ब्लेडने सरळ रेषेत, नीट कापली. ही माझी टापटीप.

प्रबंध बांधून आला, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं. नोकरीही मिळाली. मामांनी धोतराला हात पुसून प्रबंध घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

“आपला फ्लास्क कुठं लिवलाय, ताई?”

मी आभाराचं पान उघडलं आणि सरांच्या नावावर बोट ठेवलं.

“इथं.”

मामांनी त्या ओळीवरून सावकाश बोट फिरवलं.

“बरं झालं. इतके दिस मला वाटत हुतं, माजं चुकलंच.”