माळ्यावरची कवटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मान खाली घालून नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. कवटीत बावीस हाडं. त्यातलं डोळ्याच्या कोपऱ्यातलं नखाएवढं, कागदासारखं पातळ. दरवर्षी पोरांना बजावते, डोळ्यांच्या खाचांत बोटं घालून कवटी उचलायची नाही, फुटेल. बाकी भ्यायचं काही कारण नाही. हाड म्हणजे हाड. त्यात ना भूत असतं, ना शाप. मी हे तेव्हाही मानत होते.

तेव्हा, म्हणजे पहिल्या वर्षाला. पुढच्या वर्गात गेलेले आपला हाडांचा संच मागच्यांना देतात, तसा मलाही एकीने दिला. घोडपदेवच्या चाळीत आमची एकच खोली — आई, दादा, वहिनी आणि मी. खऱ्या माणसाची कवटी आईने उंबऱ्याच्या आत घेतली असती? मग सांगितलं, प्लास्टिकची आहे. या खोटेपणाची मला आजही लाज वाटत नाही. अभ्यास करायचा होता, केला. वहिनी तर घरातली भांडी पुसावीत तशी ती कवटी पुसून माळ्यावर ठेवायची.

वहिनीला पाचवा महिना होता. मूल गेलं.

आईची नजर पहिल्यांदा माळ्याकडे गेली. "ती खऱ्या माणसाची नाय ना गो?" मी म्हटलं, प्लास्टिकची आहे. मग आईला आठवलं — ग्रहणात वहिनीने भाजी चिरली होती. झालं. सात वर्षं, माझी भाची होईपर्यंत, ते ग्रहण वहिनीच्या ताटात रोज वाढलं गेलं.

आणि मी? गर्भ कसा वाढतो ते त्याच खोलीत मोठ्याने पाठ करत होते. ग्रहणाने काही होत नाही, हे एक वाक्य मला येत नव्हतं का? येत होतं. पण ग्रहण निर्दोष सुटलं असतं तर आई परत माळ्याकडे बघणार होती. म्हणून मी गप्प बसले. डॉक्टर झाल्यावरही गप्पच. कवटीने काही केलं नाही — जे केलं ते मी.

आई गेली. गेल्या वर्षी चाळ पाडायची ठरली, म्हणून माळा रिकामा करायला गेले. कवटी मी पुढे कुणाला दिलीच नव्हती, ती तिथेच होती. वहिनीने कवटी पुसली, जबडा माझ्यापुढे धरला आणि मागच्या दाढेवर बोट ठेवलं. तिथे काळं भोक होतं.

"प्लास्टिकच्या दाढेला कीड लागते का गं?" ती म्हणाली. "मला तेव्हाच दिसलं होतं. तू कधी बोलतेस, वाट बघत होते."

मी जबडा तिच्या हातातून घेतला. कवटी पिशवीत घातली आणि जिना उतरले.