मस्कतचा बॅकपास

रणवीर शिर्के कोलकात्याच्या एका मोठ्या फुटबॉल क्लबात मधल्या फळीत खेळायचा, पण बडोद्यात त्याला फारसं कुणी ओळखत नसे. निजामपुऱ्यातले शेजारी अजून विचारत, "केम भाई, नोकरी लागली का?" वडील सुभानराव मात्र त्याचा केबलवर दिसणारा एकही सामना सोडत नसत. आजे-पणजे गायकवाडी फौजेत होते. पोराच्या अंगावर देशाची जर्सी आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

२००१ साली देशाकडून मस्कतला खेळायच्या सामन्याआधी रणवीरचा उजवा गुडघा आठवडाभर सुजलेला होता. "घुटना कैसा है?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"एकदम ठीक, सर."

एकदा बाहेर बसलो की जागा गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी त्याने गोलकीपरकडे बॅकपास दिला, आणि नेमका तेव्हाच गुडघा लचकला. चेंडू अर्ध्यातच रेंगाळला. समोरच्या खेळाडूने तो पळवला, गोल केला. परतताना बसमध्ये कुणी त्याला बोल लावला नाही. शेजारीही कुणी बसलं नाही.

कोलकात्यात त्याच्या पायाशी चेंडू आला की लोक हुर्यो उडवू लागले. गुडघा इतका बिघडला की अखेर ऑपरेशन झालं. आई कौशल्याबाईंच्या खांद्याला धरून तो पुन्हा चालायला शिकला. वर्षाने क्लबात परतला, बरा खेळलाही.

दिवाळीला घरी आला असताना फोन वाजला. राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं होतं. सुभानरावांनी हसत रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"सर, पूर्ण सामना नाही झेपणार मला," रणवीर हिंदीत म्हणाला. "गुडघा धरतो अजून."

फोन ठेवताच सुभानराव कडाडले, "आपल्या घरात बोलावणं आलं की आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही!"

"बाबा, मस्कतला मी खोटं बोललो होतो. गुडघा तेव्हाच गेला होता. तो गोल माझ्यामुळे झाला."

सुभानराव खाली बसले. "आणि मी गावभर त्या गोलकीपरला शिव्या घालत फिरलो! मांडवीतल्या भास्कररावांनी त्याची बाजू घेतली म्हणून त्यांच्याशी बोलणं टाकलं."

सगळी दिवाळी ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. कौशल्याबाई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढत राहिल्या. निघायच्या दिवशी मात्र बॅग उचलून ते स्टेशनवर आले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाले, "त्या गोलकीपरचा फोन नंबर आहे तुझ्याकडे?"

रणवीरने तो चालत्या गाडीतूनच ओरडून सांगितला. त्यांना नीट ऐकू गेला की नाही, कळलं नाही.

शिबिराचं बोलावणं पुन्हा आलं नाही. क्लबाने त्याला आणखी दोन मोसम ठेवलं, बहुतेक बाकावरच.