अविरामचा अ

बँडचं नाव ठेवायला अक्कल लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लागत असती तर आमच्याच रस्त्यावरच्या त्या सहा ट्रम्पेटवाल्यांनी स्वतःला 'मंजूळ' म्हणवून घेतलं नसतं. ते वाजवायला लागले की खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि माणसं तोंडावर हसू आणून उभी राहतात, कारण लग्नघर ओळखीचं असतं. दुसरे आहेत 'वादळ'. दोनच जण, एक कीबोर्ड आणि एक बासरी, त्यातल्या बासरीवाल्याला बसल्या बसल्या डुलकी लागते. एका गायकाने आपलं नाव 'कोकिळ' ठेवलंय, तो बाराही महिने गळ्याला मफलर गुंडाळून फिरतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आपल्यात जे नाही त्याचंच नाव लोक लावून घेतात, दुसरं काय.

आमचं मात्र तसं नव्हतं. आमच्या बँडला त्याचं नाव अगदी चपखल बसलं होतं, आणि त्यानेच घात केला. म्हणजे भावोजींचा केला, माझ्या दिराचा.

'अविराम' हे नाव ह्यांनी ठेवलं, माझ्या नवऱ्याने. हे ड्रम वाजवायचे. तरुणपणी एका लग्नाच्या पार्टीत हॉलमधली वीज गेली. समोरच्या पक्षाचा बँड थांबला, हे थांबले नाहीत, आणि लोक अंधारात धडाधड एकमेकांवर आपटत नाचत राहिले. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात भूत शिरलं. अविराम, म्हणजे न थांबणारा. मग तो नियमच झाला. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू, मधल्या जागेत ड्रम चालूच. टाळ्यांनासुद्धा फट ठेवायची नाही. "माणूस एकदा खुर्चीला टेकला की गेला," असं म्हणायचे. मोठ्या ड्रमवर लाल रंगात झोकदार अक्षरांत नाव रंगवून आणलं, खाली आमच्या घरचा फोन नंबर. लोकांनी आधी नावं ठेवली, मग तारखा मागायला रांग लावली.

भावोजी ह्यांचे धाकटे भाऊ. सॅक्सोफोन वाजवतात. लग्न केलं नाही, शेजारच्या खोलीत राहतात आणि जेवायला माझ्याकडे असतात. दिवसा चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायच्या, सुट्टीच्या दिवशी बँड, असं त्यांचं आयुष्य. मी ह्या घरात आले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. दुपारी गॅलरीत बसून एकटेच काहीतरी वाजवायचे. इतकं सावकाश, की एकेक सूर संपायची वाट बघावी लागे. भाजी चिरता चिरता माझा हात थांबायचा. आणि आतून हे ओरडायचे, "अरे, कोण गेलं रे?" घरभर हशा. असं चारपाच वेळा झालं आणि भावोजींनी गॅलरीत बसणं सोडलं. कुणी विचारलंही नाही का म्हणून.

पुढे सगळी हयात धावत्या गाण्यांतच गेली. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "अहो, इतकं भराभर फुंकता, तर श्वास घेता कधी?" तर म्हणाले, "चोरायचा. सूर बारीक बारीक असतात ना, वहिनी, दोन सुरांच्या मधून हळूच चोरायचा. कुणाला पत्ता लागत नाही." मला तेव्हा ते ऐकून कौतुक वाटलं होतं.

हे गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं, बँडही त्यांच्यामागोमाग जाईल आणि घरात जरा शांतता येईल. पण भावोजी म्हणाले, "दादाने ठेवलेल्या नावाला जागलं पाहिजे." झालं! नवा ड्रमवाला आला आणि नावाला जागण्याचा कारखाना पुन्हा चालू. मग त्यांना खोकला लागला. जिना चढताना मधेच कठड्याला धरून उभे राहायला लागले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि काचेची धूळ आत बसलीय म्हणाले. दुकान सोडा आणि फुंकणंही सोडा. भावोजींनी दुकान सोडलं.

मी त्यांच्या कोटाला इस्त्री करायची आणि तोंड चालू ठेवायची. "पुरे करा आता. तुम्ही थकलात, मी थकले, हा कोटसुद्धा थकलाय. कोपरात बघा कसा विरलाय." ते "हो, वहिनी" म्हणायचे आणि कोट अंगात घालायचे. ह्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्के मारणं आहे.

ड्रम गाडीत चढवता-उतरवताना डाव्या बाजूला सगळ्यांचे हात लागायचे. तिथला अ आधी फिका पडला, मग गेलाच. उरलं 'विराम'. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण रंगाचा डबा आणायला कुणी उठलं नाही. आमचा ट्रम्पेटवाला तर म्हणाला, "राहू द्या हो. आता हेच शोभतं आपल्याला." त्याचेही गुडघे गेलेत बिचाऱ्याचे.

अशात एक दिवस सकाळी फोन आला. पलीकडे एक बाई होत्या. "विराम बँड का?"

म्हटलं, "हो, बोला."

त्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका होत्या. भाचीच्या लग्नाला उशिरा पोचल्या, तोवर आमच्या लोकांचं सामान गाडीत चढत होतं, म्हणून ऐकायला काही मिळालं नाही, पण ड्रमवरचं नाव आणि नंबर त्यांनी टिपून घेतला होता. "आमच्या मंडळींना गोंगाट सोसत नाही हो," त्या म्हणाल्या. "नाव वाचलं आणि वाटलं, तुम्ही सावकाश वाजवत असाल. मधे मधे थांबून. पुढच्या रविवारी दुपारी जमेल का?"

मला हसूच येत होतं. विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. जेवताना गंमत म्हणून भावोजींना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"सावकाश, असं म्हणाल्या?"

"हो."

"त्यांच्याच तोंडाने म्हणाल्या? तुम्ही नाही ना घातलंत त्यात?"

"मी कशाला घालू? मला काय पडलंय!"

हात धुऊन त्यांनी स्वतः फोन केला. एकटाच येईन, नुसता सॅक्सोफोन, चालेल का? चालेल म्हणाल्या. फोन ठेवून वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही, खरंच सांगते. "वहिनी," म्हणाले, "आजवर कुणी असं मागितलंच नव्हतं. मला काय वाजवायचंय ते माझ्या अजून लक्षात आहे. सगळंच्या सगळं." मग तासभर सॅक्सोफोन पुसत बसले आणि गुणगुणत होते. मलाही फार बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, हळू वाजवायचं म्हणजे दमही कमी लागेल, डॉक्टरांचंही मन राखलं जाईल. एवढी वर्षं ह्या लोकांत काढून माझी अक्कल एवढीच!

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गॅलरीत बसले. मी गॅस बंद केला आणि मुद्दाम दाराशी जाऊन बसले. पहिला सूर आला. तोच, जुना, ज्याच्या संपण्याची वाट बघायची. पण तो संपला नाही, तुटला. भावोजी खोकले, पाणी प्यायले, पुन्हा सॅक्सोफोन तोंडाला लावला. पुन्हा तिथेच. सूर धरायचे, तो थरथरायचा, आणि मग नुसती हवा यायची. असं किती वेळा झालं कोण जाणे. मी पदराशी चाळा करत बसून राहिले, कारण उठले असते तर त्यांना कळलं असतं.

मग एकदम त्यांनी लग्नातलं एक नाचाचं गाणं सुरू केलं. काय सांगू! बोटं धावताहेत, सूर उड्या मारताहेत, कुठे अडखळणं नाही की काही नाही. अर्ध्यात त्यांनीच ते रागाने तोडलं.

"हे येतं," म्हणाले. "हे मरेपर्यंत येईल. ह्यात श्वास चोरता येतो. त्यात नाही चोरता येत, वहिनी. तो सूर धरून बसावं लागतं. आणि धरायला आता आत काही उरलेलं नाही."

"मग मधे मधे थांबा की," मी म्हटलं. "त्या बाईच म्हणाल्या ना, थांबून वाजवा म्हणून. म्हातारी माणसं ती, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

तरी आठवडाभर रोज दुपारी बसले. रोज तेच. शेवटी शनिवारी सकाळी म्हणाले, "वहिनी, त्या बाईंना जरा फोन करून टाका. जमत नाही म्हणावं."

"मी नाही करणार. हो तुम्ही म्हणालात, नाही पण तुम्हीच म्हणा." मी फारच जोरात बोलले. राग त्यांच्यावर नव्हताच. राग ह्यांच्यावर होता, त्या नावावर होता, त्या अंधारात आपटत नाचणाऱ्या लोकांवर होता. पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

भावोजींनी नंबर फिरवला. आवाज अगदी साधा. "नमस्कार. बाई, तुमची नाव वाचण्यात थोडी चूक झाली. पुढे एक अ आहे, तो पुसला गेलाय. आम्ही न थांबता वाजवणारे लोक. तुमच्या मंडळींना त्रास होईल." मग एकटे येणार होते ते तरी येतील का, असं पलीकडून विचारलं असावं. "नाही हो," म्हणाले. "सावकाश वाजवणारा एक होता आमच्यात. आता नाही तो." पुन्हा थोडं ऐकलं. "हो. फार चांगला वाजवायचा. हो, हो... सांगतो घरच्यांना. आभारी आहे."

फोन ठेवून ते माझ्यासमोर येऊन बसले. मला रडू फुटलं होतं आणि मी ते लपवलं नाही.

"बाई चांगल्या आहेत," भावोजी म्हणाले. "त्यांना फार वाईट वाटलं. घरच्यांना धीर द्या म्हणाल्या."