वाऱ्याला चार बोटं वाट

आईला एस.टी. लागायची. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत नुसतं चढलं तरी तिचा चेहरा उतरायचा. पलूसजवळच्या आमच्या गावाहून मेढ्याला जायचं तर कराडला गाडी बदला, साताऱ्याला बदला. म्हणून मेढ्याला दिलेली तिची थोरली बहीण सात वर्षांत तिला भेटली नव्हती. घरात कारण सांगितलं जाई ते हेच. मग मावशी अंथरुणाला खिळल्यासारखी झालीय असा निरोप आला आणि आई दोन दिवस पिशवी भरत आणि रिकामी करत राहिली.

काळ साठ-पासष्टचा. मी माधवनगरच्या गिरणीत मागखात्यात होतो आणि लष्कराच्या मोडीतली एक फटफटी नुकतीच घेतली होती. मी छाती काढून आईला म्हणालो, "मी नेतो तुला. फटफटी कुणाला लागत न्हाई."

लागली नाहीच. पण कराडच्या अलीकडं तिनं माझ्या पाठीत बुक्की घातली. वारा समोरून नुसता येत नव्हता, डोक्याला डावी-उजवीकडून थपडा मारत होता. मान डुगडुगत होती, कानात सगळं मागखातं चालू होतं. एका बाजूला पाय सोडून बसलेली आई एका हातानं मला धरून होती, दुसऱ्यानं पदर.

"फिरव गाडी," ती म्हणाली. "बहिणीच्या सासरी उघड्या डोक्यानं आन् बहिऱ्या कानानं जाऊ व्हय?"

परतीच्या वाटेवर मी तिला बरंच सुनावलं, तिनंही मला. वाऱ्यात कुणाचंच कुणाला ऐकू गेलं नाही, त्यामुळं भांडण झालं नाही.

सांगलीतल्या एका मिस्त्रीनं हँडलपुढं काच बसवून दिली. काच म्हणजे जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, छातीइतका उंच. छातीवरचा वारा थांबला, पण तोच वारा काचेच्या कडेवरून उसळून नेमका कपाळावर आपटायला लागला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अजून उंच करा. मिस्त्रीनं मुकाट्यानं डोक्याच्या वर जाईल एवढी काच लावली. आता मी रस्त्यानं निघालो की कुणीतरी कपाट घेऊन चाललंय असं लोकांना वाटे. आणि वारा? तो आता मागून वळून येत होता आणि मानगुटीवर गुद्दे घालत होता.

"आता भिंतच बांधू का?" मिस्त्रीनं विचारलं. मी रागानं गाडी घेऊन घरी आलो.

राग उतरल्यावर गिरणी आठवली. मागावर सुतं फार तुटायला लागली की आम्ही बोटात एक धागा लोंबता धरायचो आणि झुळूक कुठल्या खिडकीतून येतेय ते बघायचो. मी काचेला आतून-बाहेरून, कडेला, टाकीवर खळीनं वीतभर सुतं चिकटवली. फटफटीला झिपऱ्या आल्या. पण चालवता चालवता ती बघणार कशी? मग आईला शेताच्या बांधावर बसवलं आणि पुढच्या वाटेवरून पाच-सहा फेऱ्या मारल्या.

आई ज्वारीची रास वाऱ्यावर उपणायला उभी राहिली की तिला वारा दिसतो असं गडीमाणसं म्हणत. त्या दिवशी मला ते पटलं.

"भायेरची सुतं मागं पळत्यात," ती म्हणाली. "आतली मातूर तुज्याकडनं काचंकडं उलटी पळत्यात. कुडाच्या आडोशाला उपणाय घेतलं की भुसा असाच फिरून तोंडावर येतो. त्या कुडाला खालनं वाट दे की रं. आन् वरनं एवडी उंच कशाला? काप."

मी वरून कापून काच हनुवटीच्या खाली आणली, जरा मागं कलती केली आणि खाली दिव्याच्या वर चार बोटं फट ठेवली. पुन्हा फेरी मारली. आतली सुतं आता काचेला चिकटून निजल्यासारखी पडून होती. वारा डोक्याला लागत होता, पण सरळ आणि एकसारखा. मिस्त्रीला मी हे कधीच सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो. कराड मागं पडलं. आईचा पदर जागच्या जागी होता. थोड्या वेळानं पाठीमागून बोलणं ऐकू आलं. मी ओ देणार होतो, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"आक्का, नदीला पूर हुता. तू साताऱ्यापतुर चालत आल्तीस. मला मागनं कळलं. माजं चुकलं."

सात वर्षांपूर्वी आईचे वडील गेले तेव्हा मावशी तिसऱ्या दिवशी पोचली होती आणि आईनं सगळ्यांदेखत तिला विचारलं होतं, "आता सवड झाली व्हय?" मावशी पाणीही न पिता परत गेली होती. मी तिथं होतो, पण हे इतकं खोल गेलंय हे मला माहीत नव्हतं. बिचारी एस.टी. उगाच सात वर्षं बदनाम झाली. आईनं ते माफीचं बोलणं तीनदा म्हटलं, एकदा रागानं, एकदा हळू, एकदा हसत. मी गाडी आणखी हळू केली.

मेढ्यात दोघी बहिणी हात हातात घेऊन बसल्या. गुडघे, म्हशी, सुना, नाचणीची भाकरी, सगळं बोलणं झालं. ते एक सोडून. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मावशी भिंत धरत दारापर्यंत आली होती.

सातारा दिसायला लागल्यावर मला राहवलं नाही. "मावशीला सांगितलंस का?"

"काय?"

"पुराचं."

आईनं माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केली. मग आई म्हणाली, "तुला ऐकाय येत हुतं?"

"तिन्ही येळा."

"मला वाटलं वारं घिऊन जातंय."

मग पाठीत बुक्की बसली. "फिरव गाडी."

मी फिरवली. मावशी अजून उंबऱ्यावरच टेकली होती. गाडी पुरती थांबायच्या आत आई उतरली. घाईत पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि बहिणीच्या सासरच्या दारात तो सावरायचं तिच्या लक्षात नव्हतं.

तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, मी इंजिन मुद्दाम चालू ठेवलं होतं. मावशी भिंत धरत आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि दोघी उंबऱ्यावर बसून आळीपाळीनं त्यातलं पाणी प्याल्या.