ने-आण करणाऱ्याचा फोटो

तीस वर्षं मी एसटीची लाल गाडी चालवली. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, सगळे रस्ते पायाखालचे. खड्डा कुठं आहे ते मला चाकाच्या आधी कळायचं. माझ्या हातून गाडी कधी कलंडली नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेखी मिरवत नाही, खरं तेच सांगतो. तर अशा माणसाला त्याच्याच सुनेनं लेकरू गाडीत कसं बसवायचं ते शिकवावं म्हटल्यावर नाकाला मिरच्या झोंबणारच की!

निमित्त झालं नातीच्या नर्सरीचं. नात तीन वर्षांची. आम्ही राहतो पेडगावात अन् शाळा परभणीत. मुलगा पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. सून शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई आहे, सकाळीच स्कूटीवर निघते. एक व्हॅन यायची गावात, पण तिच्यात कोंबलेली लेकरं बघून सूनच म्हणाली, "न्हाई बाबा, हे काय मला पटायलं न्हाई." मुलानं घेतलेली जुनी कार दारात उभी होती. राहिलो कोण? मीच.

प्रवेशाच्या फॉर्मसोबत शाळेनं एक कार्ड दिलं होतं. वर लेकराचा फोटो अन् त्याखाली मोकळा चौकोन, 'ने-आण करणाऱ्याचा फोटो'. त्या चौकोनात जो माणूस, त्याच्याच ताब्यात लेकरू द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी त्याच दिवशी दाढी केली, नवी टोपी घातली अन् स्टुडिओत जाऊन फोटो काढून आलो. मला तो चौकोन पाहिजे होता. लय पाहिजे होता. माझा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मी मुक्कामाच्या गाडीवर असायचो. पहिल्या दिवशी त्याला शाळेत कुणी सोडलं, तो रडला का हसला, मला आजही ठाऊक नाही.

सुनेनं फोटो हातात घेतला, बघितला अन् परत माझ्याच हातात ठेवला.

"मामा, फोटो लावते. पण आधी एक ठरवू. ती तुमच्या मांडीवर बसून जाणार न्हाई. मागच्या सीटवर, तिच्या खुर्चीत, पट्टा लावून. रोज."

खुर्ची म्हणजे लेकरांची गाडीतली सीट. मुलानं पुण्याहून आणली होती अन् आमच्या घरी तिचा उपयोग नातीला वरण-भात भरवायला होत होता. अन् माझी सवय अशी, की देवळापर्यंत का होईना, नातीला मांडीवर घ्यायचं, तिचे हात स्टेअरिंगवर ठेवायचे अन् हॉर्न वाजवू द्यायचा. आमच्याकडं सगळे तसंच करतात. नातवंडाला मांडीवर घेऊन गाडी चालवली नाही तो कसला आजा?

मी भडकलो. "लेकराला काय दावणीला बांधायचंय का? आज्याच्या मांडीवर नसंल तर कुठं राहील ते सुखरूप?"

ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुमी करकचून ब्रेक मारला की उभे पाशिंजर कुठं जायचे?"

"पुढं."

"अन् मांडीवरचं लेकरू?"

पुढं काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. स्टेअरिंग, काच, अन् लेकराच्या मागून माझं सत्तर-पंच्याहत्तर किलोचं धूड. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "बरं बरं, बसवतो खुर्चीत," अन् अंगणात जाऊन बसलो. माझं तोंड माझ्याच धंद्यातल्या प्रश्नानं बंद केलं होतं तिनं.

कागदपत्रं द्यायचा दिवस शनिवार, ती सकाळची शाळा करून परस्पर परभणीला येणार होती. नातीला घेऊन मी निघायचं होतं. आदल्या दिवशी मी खुर्ची गाडीत ठेवली. गाडीचा पट्टा खुर्चीतून ओवून खाली बकलात अडकवायचा, असं चित्र होतं तिच्यावर. पट्टा तर लोंबत होता, बकल काही सापडेना. मुलानं हौसेनं जाडजूड सीटकव्हर बसवलं होतं, बकल गडप झालं होतं त्याच्याखाली. कव्हर काढायचं म्हणजे खटाटोप. अन् मी म्हटलं, अरे हट, बांधाबांधीचं मला काय सांगता? गाडीच्या टपावर मी पोती बांधलीत, खाटा बांधल्यात, एकदा तर एका नवरीचं लोखंडी कपाट बांधून गंगाखेडपर्यंत नेलं, कडीसुद्धा वाजली नाही. घरातली नायलॉनची दोरी घेतली, मागच्या सीटला डोकं टेकायच्या उशा असतात त्यांच्या दांड्यांना खुर्चीची पाठ आवळली, टपावरची गाठ मारली. गाठ अशी की बैल सुटणार नाही. वर एक थाप मारली अन् झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला नातीला खुर्चीत बसवलं, तिच्या खांद्यावरचे पट्टे लावले. नवा फ्रॉक, हातात पाण्याची बाटली. माझा फोटो खिशात. पेडगाव सोडून मैलभर गेलो असेन. वळणावर बाभळींच्या आडून मेंढरं रस्त्यावर आली, एकाएकी, सगळीच्या सगळी. मेंढपाळ पलीकडून ओरडत होता. मी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, मेंढरापासून हातभर अंतरावर. हे ब्रेकचं काम मी आजही दहापैकी दहा मार्कांचं म्हणेन.

पण मागं धाडकन आवाज झाला.

वळून बघितलं. माझी गाठ सुटली नव्हती, गाठ जिथल्या तिथं होती. खुर्चीची पाठ दोरीला तशीच लटकलेली, अन् तिचं बूड झोपाळ्यासारखं पुढं येऊन माझ्या सीटच्या पाठीवर आदळलेलं. नात उताणी, पाय वर, पाण्याची बाटली कुठच्या कुठं. टपावरच्या पोत्याला वाऱ्याशी झुंजायचं असतं, ते बसून राहतं. पुढं झेपावणाऱ्या लेकराला खालूनसुद्धा धरून ठेवावं लागतं, हे तीस वर्षांच्या डायव्हरच्या डोक्यात आलं नाही. गाडी अजून जरा जोरात असती तर? नको, मला ते लिहवत नाही.

नात हसायला लागली. टाळ्या पिटत म्हणते, "आबा, पुना कर!"

रडली असती तर बरं झालं असतं. मी तिला बाहेर काढलं, छातीशी धरलं अन् बाभळीखाली उभा राहिलो. मेंढपाळ विचारत होता, "लागलं का वो काका?" फ्रॉकची कड बाजूला करून बघितलं तर खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, बाकी काही नाही. खुर्ची सरळ केली, दोरी खालून दोन फेरे घेऊन आवळली अन् बैलगाडीच्या चालीनं परभणी गाठली. त्यातही गाढवपणाच होता, पण त्या वेळी दुसरं सुचलं नाही.

वाटेत मनात पाप आलं. कुणी बघितलं नाही. लेकराला खेळ वाटला. वळ संध्याकाळपर्यंत जाईल. गप्प राहिलो तर चौकोन माझा.

शाळेत सून वाट बघत होती. मॅडमनी कागद तपासले, जन्माचा दाखला, आधार, लसीचं कार्ड, सगळं ठीक. मग म्हणाल्या, "कार्डावर आजोबांचा फोटो लावायचा ना?" डिंकाची बाटली समोर सरकवली. सून माझ्याकडं बघून हसली अन् फोटोसाठी हात पुढं केला.

मी म्हणालो, "थांब. खुर्ची म्या दोरीनं बांधली होती. बकल सापडलं न्हाई, हुडकलंबी न्हाई. मेंढरं आडवी आली, खुर्ची उलटली. तिच्या खांद्यावर वळ हाय, बघ."

तिनं पोरीला ओढून जवळ घेतलं, खांदा बघितला, मान बघितली, डोक्यातून हात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती मॅडमना एवढंच म्हणाली, "फोटो शाळा सुरू व्हायच्या वेळी लावते." तिथून डॉक्टरकडं गेलो, त्यांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. स्कूटी तिनं परभणीतच ठेवली, परत येताना गाडी तिनं चालवली, मी मागं नातीशेजारी.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिनं ब्लेड घेऊन त्या महागाच्या सीटकव्हरला सरळ चीर पाडली अन् आतून बकल बाहेर ओढलं. "मामा, या." पट्टा कुठून ओवायचा ते दाखवलं. खुर्चीत गुडघा रोवून सगळा भार टाकायचा, मग पट्टा ओढायचा. माझ्याकडून करून घेतलं. हलवून बघितलं, "ढिलं हाय. पुना." मी पुन्हा केलं. "पुना." शाळेतल्या पोरांनापण ती अशीच छळत असणार! घामाघूम झालो, पण त्या दिवशी राग म्हणून आला नाही. सुट्टीभर रोज सकाळी मी खुर्ची काढायचो अन् बसवायचो. शेजारीपाजारी हसायचे. हसू दे.

जूनमध्ये शाळा उघडली. मी खुर्ची बसवली, नातीला पट्टे लावले. सून तिच्या शाळेला निघाली होती, स्कूटी सुरू केलेली. जाता जाता म्हणाली, "निघते मामा."

"खुर्ची हलवून बघ की."

"तुमी बघितलीय ना?"

"म्या बघितली म्हणून काय झालं?" मी वरडलोच तिच्यावर. "हलव म्हणलं ना!"

ती उतरली, स्कूटी स्टँडला लावली, दोन्ही हातांनी खुर्ची धरून अंगातल्या सगळ्या जोरानं हिसका दिला. खुर्ची तसूभर हलली नाही. मग तिनं पर्समधून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. चौकोनात माझा फोटो आधीच चिकटवलेला होता.

पाशिंजर तिकीट काढून बसतो. डायव्हर कोण, कसा, त्यानं काय चुका केल्या, हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो निवांत झोपतो. तीस वर्षांत अशी हजारो माणसं मी पोचवली. माझी चूक पुरती माहीत असून माझ्या हाती लेकरू देणारी ही पहिलीच.