मीठ एकाच हाताचं

आमच्या स्वयंपाकघरात भांडी कमी आणि किस्से जास्त. भांडी निदान घासून पालथी घालता येतात. किस्से घासले की आणखी चमकतात! माहेरची एखादी मैत्रीण येते, "काय गं, कसं चाललंय?" एवढंच विचारते आणि मग दोन तास जागची हलत नाही. यात चूक तिचीच. विचारू नये.

मी मूळची लोणावळ्याची. लग्न होऊन तिकोणा पेठेत आले. पवनेच्या काठी तंबूंचं पेव फुटलं, तेव्हा 'या सगळ्या लोकांना जेवायला कोण घालणार?' असा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तरही मीच दिलं. घरामागच्या पडवीत स्वयंपाकघर काढलं. पिठलं-भाकरी, थालीपीठ, शेंगोळी, कोथिंबीर वडी, पुरणपोळी, कटाची आमटी, इंद्रायणीचा भात. सगळं घरचं, सगळं शाकाहारी. हवं तर तंबूत पोचवायचं, हवं तर आमच्या अंगणात पंगत.

माणसं चार. एक मी. दुसरी शेजारची सुरेखा, जिच्या भाकरीला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. तिसरा माझा नवरा संतोष, जो जेवण पोचवतो आणि वाटेत एखादी वडी कमी करतो. चौथ्या मावशी. म्हणजे नात्यानं संतोषची चुलती, पण सगळी पेठ त्यांना मावशी म्हणते म्हणून मीही म्हणते. वय सत्तरीचं. स्वयंपाकघर माझं, फोन माझा, बोर्डावर नाव माझं. राज्य मात्र मावशींचं!

आणि त्या राज्यातला पहिला कायदा असा, की देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही चाखायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही. हा कायदा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

* * *

पहिली ऑर्डर पंचवीस जणांच्या पिठल्याची होती. मी मीठ घातलं आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले. सुरेखाला वाटलं, घाईत हिचं मीठ राहिलं असणार. तिनं घातलं. मावशींना वाटलं, या पोरींना कशाचं भान नाही. त्यांनी घातलं. चाखायची सोय नाहीच! नैवेद्य झाल्यावर मी बोटभर पिठलं तोंडात टाकलं आणि मला पवनेचं अख्खं धरण प्यावंसं वाटलं.

मग काय, ओत पाणी, घाल बेसन. पुन्हा पाणी, पुन्हा बेसन. पंचवीस माणसांचं पिठलं साठ-सत्तर जणांना पुरेल एवढं झालं. दोन दिवस आमच्या आळीत घरोघरी पिठलंच होतं. समोरच्या आबांनी संतोषला थांबवून विचारलं, "तुमच्यात कसलं कार्य व्हतं रं? आवतान न्हाई आलं आमाला."

दुसऱ्या ऑर्डरला तिघीही शहाण्या झालो होतो. त्या दिवशी तिघींनीही मीठ घातलं नाही!

मावशींनी उठून खड्या मिठाची चिनी मातीची बरणी उचलली आणि स्वतःच्या पाटाशेजारी ठेवली. "मीठ एकाच हाताचं पायजे," त्या म्हणाल्या. "आन् हात माजा."

* * *

मी बारावी सायन्स. अंदाज वगैरे शब्दांवर माझा विश्वास नाही. एका रविवारी मी वजनाचा छोटा काटा आणला आणि मावशींच्या मुठीतलं मीठ पातेल्यात पडायच्या आधी त्यावर टाकायला लावलं. अडतीस ग्रॅम. झालं, गुपित फुटलं! वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी तेच पातेलं, तेवढीच मटकी, तेवढीच माणसं. मूठ काट्यावर आली. तीस ग्रॅम.

"मावशी, चुकलं. मागच्या वेळी अडतीस होतं."

त्यांनी अंगणाकडे हनुवटी केली. तिथं पाहुण्यांचे स्वच्छ पांढरे बूट ओळीनं मांडलेले होते.

"मागल्या टायमाला पावणं गडावरनं चालून आलतं. घामानं निथळत व्हतं. ह्ये गाडीतनं आल्यात. यांना कशाला येवढं मीठ?"

तो काटा आता सुरेखाची मुलं खेळायला वापरतात.

* * *

एका बाईंचा तंबूतून फोन आला. आवाज तापलेला. "तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक थालीपिठाला मध्ये भोक आहे. आम्हाला डिफेक्टिव्ह पीस चालणार नाहीत, रिप्लेस करून द्या!"

मी समजावून सांगितलं, की तेल आत उतरावं आणि थालीपीठ मधूनही खरपूस व्हावं म्हणून बोटानं भोक पाडतात. बाईंना पटेना. मावशींनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी सांगितलं.

"त्येस्नी म्हनावं, भोक फुकाट दिलंय."

* * *

लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलचे शेफ कटाची आमटी शिकायला आले. माणूस सज्जन. पांढरा कोट, खिशाला पेन आणि एक लहानसा चमचा. आमटीला उकळी आली आणि त्यांनी सवयीनं चमचा काढून पुढे केला. मावशींनी पळी आडवी धरली.

"निवद न्हाई झाला अजून."

"पण मावशी, चाखल्याशिवाय चव कशी कळणार?"

"वास घ्या की. नाक कशाला दिलंय देवानं?"

शेफ वाकले. डोळे मिटले. हातानं वाफ नाकाकडे ओढली आणि अगदी मनापासून म्हणाले, "वा! गोडा मसाला सुरेख आलाय. चिंच-गूळ बरोबर. आणि मीठ तर एकदम परफेक्ट!"

"मीठ अजून घातलंच न्हाई," मावशी म्हणाल्या.

शेफनी चमचा खिशात ठेवला. तीन तास बसले, पण पुन्हा बाहेर काढला नाही.

* * *

कोथिंबीर वडीविषयी फार बोलत नाही. एकच सांगते. दोन दिवस तंबूत राहून एक कुटुंब मुंबईला निघालं. बरोबर न्यायला वड्यांचा डबा बांधून घेतला होता, तो आमच्या ओट्यावरच राहिला. ते एक्सप्रेसवेला लागणार तोच, उर्सेच्या टोलनाक्याजवळ, त्यांच्या लक्षात आलं. गाडी वळवली. सगळा घाट-रस्ता पुन्हा तुडवत आले, डबा घेतला, गेले.

तासाभरानं फोन. "वहिनी, माझा ऑफिसचा लॅपटॉप राहिलाय का हो तिथं?"

राहिला होता. खिडकीतच होता. म्हटलं, या, ठेवते काढून.

"नाही नाही, त्याच्यासाठी कुठे परत येऊ? कुरिअर करा ना!"

* * *

आता माझं दुखणं सांगते. हसता हसता सगळे किस्से सांगून झाले तरी ते आत टोचत राहायचं.

आठ वर्षं मी त्या स्वयंपाकघरात राबले. पुरण वाटलं, अळू सोलून खाज सोसली, पाहुण्यांची बोलणी खाल्ली. पण मिठाच्या बरणीला माझा हात लागला नाही. "मावशी, आज मी घालू?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "अजून हात बसला न्हाई तुजा." मला त्या बरणीचा राग यायचा. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. सत्तरीच्या बाईनं उद्या अंथरूण धरलं तर माझं स्वयंपाकघर बंद पडणार, हे मला दिसत होतं. आणि तिच्या लेखी मी अजूनही लोणावळ्याहून आलेली पाहुणीच, हे त्याहून जास्त दिसत होतं.

एकदा मावशी नात्यातल्या लग्नासाठी पवनानगरला निघाल्या. मनात म्हटलं, आला आपला दिवस! जीपमध्ये बसवून दिलं, हात हलवला, पदर खोचून आत आले. पाटाशेजारची जागा रिकामी.

मावशी बरणी पिशवीत घालून लग्नाला घेऊन गेल्या होत्या!

मी दुकानातून पिशवीचं मीठ आणलं. पण हात असा बिचकला, की चिमूट-चिमूट करत घातलं आणि थांबले. त्या दुपारी पंगतीत एका पाहुण्यानं वाटीभर मीठ मागून घेतलं. वाटी पंगतभर फिरली. मी आत जाऊन रडले. सुरेखाला सांगितलं, कांदा आहे. कांदा नव्हता, हे तिला कळलं होतं.

मीठ घालताना भ्यायचं नसतं, एवढं मात्र मी त्या दिवशी शिकले.

* * *

आणि हा शेवटचा.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नेहमीसारखा मावशींनी देवघरात नैवेद्य दाखवला, पान परत आणून माझ्या हातात दिलं आणि गायीचा घास घेऊन मागच्या गोठ्याकडे गेल्या. मी प्रसाद म्हणून आमटीचा भुरका मारला. अळणी. अगदी अळणी!

मला आधी पटलंच नाही. मावशींना पाठमोरं उभं राहून बरणीत हात घालताना, पातेल्यावर मूठ फिरवताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण जीभ खोटं बोलत नाही. बाहेर चाळीस माणसं पानावर बसायची होती. मावशी लग्नाला गेल्या त्या दिवशी आणलेली मिठाची पिशवी पिठाच्या डब्यामागे पडून होती. ती काढली, पातेल्याकडे बघितलं, अंगणातल्या चिखलानं माखलेल्या बुटांकडे बघितलं आणि मूठ सोडली. न भिता. मावशी गोठ्यातून परत यायच्या आत पिशवी जागेवर.

पंगत उठताना एक आजोबा मावशींना हात जोडून म्हणाले, "आमटीला काय चव आहे हो तुमच्या हाताची!" मावशी नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी उसळ अळणी. तिसऱ्या दिवशी पिठलं. मग रोजच.

मला धडकी भरली. मावशींचा अंदाज गेला, हात गेला! ज्या बाईनं बूट बघून मीठ घातलं, तिला आता मीठ पडतंय की नाही हेही कळेना. संतोषला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरला दाखवू. तू त्यांना स्पष्ट सांग."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "त्या बाईकडे दुसरं काय आहे? तेवढी बरणी आहे."

आणि मी हे मनापासून म्हटलं होतं. ज्या बरणीसाठी आठ वर्षं जळले, ती तिच्याच पाटाशी राहावी म्हणून आता मी चोरून मीठ घालत होते. नैवेद्य झाला, मावशी गायीकडे गेल्या, की माझा हात पिठाच्या डब्यामागे. सुदैवानं आताशा गायीपाशी त्यांचा वेळही बराच जायचा. मला पुरून उरायचा.

श्रावण गेला, दिवाळी गेली. आमटीचं कौतुक मावशींचं होत राहिलं. मला त्याचं वाईट वाटेनासं झालं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी साठ माणसांची पुरणपोळी होती. नैवेद्य झाला. मावशी घास घेऊन मागे गेल्या. मी कटाची आमटी तोंडाला लावली. अळणी, नेहमीप्रमाणे. सरावानं पिठाच्या डब्यामागे हात घातला.

हाताला पिशवी लागली नाही. काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. ओढून पुढे घेतलं. चिनी मातीची बरणी. खड्या मिठानं काठोकाठ भरलेली.

मागे वळले तर मावशी दारात. गायीचा घास अजून हातातच होता.

"मावशी, ही बरणी... इथं?"

"मग कुटं ठेवायची? तुजा हात तितंच जातोय."

"म्हणजे तुम्हाला... कधीपासून?"

"आमटी निवायला लागली. घाल आदी."

मी घातलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण मावशी, एवढे महिने देवाला अळणी नैवेद्य?"

"त्येच्या पानात तसंबी मीठ वाढत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि गोठ्याकडे निघाल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"आन् शिकल्याली ना तू? मंग मला सांग, गायीला एक घास चारायला अर्धा तास लागतो व्हय गं?"