सेफ्टीकाकांची वीस मिनिटं

सेफ्टीकाका कुठल्याही सभागृहात शिरले की आधी बाहेर पडायचं दार शोधायचे. मग आग विझवायचं नळकांडं कुठे आहे ते बघायचे, त्यावरची तारीख वाचायचे आणि ती उलटून गेलेली असली तर आयोजकाला गाठायचे. सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत, ऐन आरतीत त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. "अगं, मागच्या दारासमोर खुर्च्या रचल्यात. पळायची वेळ आली तर पळणार कुठून?" मी म्हटलं, "काका, आरती तर होऊ दे." ते म्हणाले, "आरतीतच तर निरांजन असतं." पोरांनी त्यांचं नाव सेफ्टीकाका ठेवलं ते काही उगाच नाही.

नोकरीच तशी होती. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. सकाळी जुरोंग ईस्टहून कंपनीची बस सुटायची आणि त्या बसमध्ये, शेजारचा घोरत असताना, हा नाशिकचा माणूस अठराव्या शतकातली फ्रेंच पत्रं वाचत बसायचा. कंपनीनं कधीकाळी त्यांना दीड वर्ष फ्रान्सला धाडलं होतं. पंपांच्या माहितीपुस्तिका वाचता याव्यात म्हणून भाषा शिकले, आणि सुट्टीच्या दिवशी करायचं काय म्हणून जवळच्या बंदरातल्या दप्तरखान्यात जायला लागले. तिथे त्यांना त्यांचा तोफची भेटला.

हा तोफची मॉरिशसच्या फ्रेंच फौजेतला. तिथून तो हिंदुस्थानात आला आणि मराठ्यांच्या चाकरीला लागला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला एकच ओळ, तीही तळटीपेत: फौजेतून पळून गेला. काकांना ते पटेना. फौज सोडायची त्याच्या अधिकाऱ्यानं दिलेली परवानगी त्यांनी स्वतः वाचली होती. घोळ तारखांचा होता. क्रांतीनंतर फ्रान्सनं कॅलेंडरच बदललं, नवे महिने, नवं वर्ष. ती बातमी जहाजानं मॉरिशसला पोचायला कित्येक महिने लागले, आणि या पठ्ठ्यानं बातमी कानावर आली त्या दिवसापासून नवं वर्ष मोजायला घेतलं. अधिकाऱ्याच्या परवानगीवरची तारीख बरोबर, याच्या पत्रातली घरची, काही महिने मागची. इतिहासकारांनी दोन्ही एकाच कोष्टकातून काढल्या आणि ठरवून टाकलं की आधी पळाला, परवानगी नंतर आली. प्रत्यक्षात परवानगी खिशात घेऊनच तो जहाजात चढला होता. काका म्हणायचे, "अपघाताचा अहवाल लिहिताना आम्ही आधी घड्याळं जुळवतो. यांनी घड्याळं न जुळवता माणूस दोषी ठरवला."

मी इथल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवते. फ्रान्स आणि फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या इतिहासाची एक अभ्यासक संस्था आहे, तिची मी सभासद. तिचं वार्षिक संमेलन दरवर्षी नव्या शहरात भरतं आणि त्या वर्षी ते सिंगापूरला आलं. काकांचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला कामाचा परवाना, संमेलनानंतर दोन महिन्यांत संपत होता, मग कायमचं नाशिक. म्हणजे ही एकच संधी. मीच त्यांच्या मागे लागून निबंध पाठवायला लावला. अर्जात संस्थेचं नाव हवं होतं, तर त्यांनी 'जुरोंग आयलंड' असं लिहिलं. तिथे विद्यापीठ आहे का, असं कुणीतरी विचारलं. काका म्हणाले, "आहे ना. सगळे हेल्मेट घालून येतात."

तयारी काय विचारता. तीन रविवार बिशानच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांसमोर, कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप बाजूला सारून त्यांनी मला निबंध वाचून दाखवला, आणि मी मोबाइलवर वेळ लावायची. प्रत्येकाला वीस मिनिटं मिळणार होती. काकांचा निबंध एकोणीस मिनिटांत बसला. "एक मिनिट खोकल्यासाठी ठेवावं," म्हणाले. तारखांचा उलगडा सहाव्या पानावर होता. मी म्हटलं, पहिल्या पानावर घ्या. तर म्हणे, "आधी पुरावा, मग निकाल." या बाबतीत त्यांना हलवणं अशक्य. मी चिडून कोपी संपवली.

संमेलनात त्यांचं सत्र शेवटच्या दिवशी, शेवटचं. त्यातही ते तिसरे. हा कार्यक्रम कुणी लावला होता? मीच. अध्यक्षही मीच. पहिले वक्ते म्हणजे या विषयातले बडे प्रोफेसर, आणि त्यांच्या हातात माझ्या पुस्तकाचं हस्तलिखित होतं. त्यांच्या शिफारशीवर ते छापलं जाणार होतं. माझ्याकडे दोन कार्डं होती, पाच मिनिटं उरली की पिवळं आणि वेळ संपली की लाल. प्रोफेसरांना मी पिवळं दाखवलं. ते गोड हसले आणि बोलत राहिले, चौतीस मिनिटं. त्यांचं बघून दुसरे एकतीस मिनिटं बोलले. प्रश्नोत्तरांचा वेळ गिळून काकांना उरली दहा मिनिटं. खाली जेवणाला न्यायची बस उभी. लोक बॅगा आवरायला लागलेले.

काका उठले. एक शब्द तक्रारीचा नाही. घाईही नाही, ठरल्याप्रमाणे पहिल्या पानापासून सुरुवात. मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो काका, सहावं पान घ्या, सहावं. ते तिसऱ्याच्या शेवटाला आले आणि मी लाल कार्ड वर धरलं. वाक्य अर्धं होतं. त्यांनी ते तिथेच सोडलं, कागद जुळवले, "थँक यू, मॅडम" म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या. समारोप करायचा म्हणून प्रोफेसर उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या पळपुट्या तोफचीबद्दल बरीच गमतीदार माहिती मिळाली. काकांचं तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलू का म्हणून. मी घड्याळाकडे बघितलं.

एमआरटी स्टेशनकडे चालताना माझा तोल सुटला. लाज वाटली की मला राग येतो, काय करू. "काका, एवढं काय आज्ञाधारक व्हायचं? दोन वाक्यं रेटून बोलला असतात तर मी काय तुम्हाला हाकलणार होते?"

"तू लाल कार्ड दाखवलंस."

"कार्डं काय, त्यांनाही दाखवली."

"नाही. त्यांना पिवळं दाखवलंस. लाल मांडीवरच होतं, मी बघत होतो." हे त्यांनी रागानं नाही सांगितलं. कुठला व्हॉल्व्ह उघडा राहिला ते सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "नियम पाळलास म्हणून माझं काही म्हणणं नाही गं. माझ्यापुरताच पाळलास, एवढंच."

दोन महिन्यांनी ते नाशिकला गेले. माझं पुस्तक निघालं, प्रोफेसरांची शिफारस मलपृष्ठावर आहे. प्रोफेसरांचा स्वतःचा लेखही छापून आला. तोफची त्यात पळपुटाच आहे. तो वाचला त्या दिवशी मी काकांना फोन लावला. म्हटलं, पुढच्या संमेलनाला या, तिकिटाचं मी बघते, पहिलं भाषण तुमचं, वीसच्या जागी तीस मिनिटं देते.

"अध्यक्ष कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच. मुद्दाम मागून घेतलंय."

"मग राहू दे," काका म्हणाले. मग त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.